हाताचं माप

जाईबाईंच्या खाणावळीत चौदा माणसं जेवायची, आणि तिथं आमटीवरून कधी भांडण झालं नाही. लालबागच्या त्या चाळीत आणखी दोन खाणावळी होत्या. तिथं ते रोज व्हायचं. ह्याच्या वाटीत जास्त, माझ्या वाटीत कमी, ह्याला माशाचं पोटाकडचं, मला शेपूट. जाईबाई खाली बघून वाढत. ओगराळं पातेल्यात एकदा बुडवायचं आणि वाटीत एकदा रिकामं करायचं. मध्ये हलवून बघणं नाही, जास्त झालं म्हणून परत काढून घेणं नाही. गिरणीच्या साळखात्यातल्या धोंडूनं एकदा पैज लावून सगळ्यांच्या वाट्या एकेक करून औषधाच्या खुणेच्या बाटलीत ओतून पाहिल्या. चौदाही वाट्या एकाच रेघेला आल्या. धोंडू पैज हरला आणि वर त्यानं जाईबाईंच्या शिव्याही खाल्ल्या, कारण बाटली खोकल्याच्या औषधाची होती आणि पातेलंभर आमटीला त्याचा वास लागला.

"तुझ्या बायलेन तराजू गिळल्यान काय रे?" धोंडूनं सीतारामला विचारलं.

"तिकाच इचार," सीताराम म्हणाला आणि भात कालवू लागला. नवरा असला तरी त्याच्या वाटीतही तीच रेघ असायची.

जाईबाईंना त्याचं काही कौतुक नव्हतं. तेराव्या वर्षी मालवणाकडून लग्न होऊन आल्या तेव्हा खाणावळ सासूची होती. सासू वाढायला लावी आणि पातेल्याकडे लक्ष ठेवी. शेवटच्या माणसाला कमी पडलं तर ते शेवटचं माणूस म्हणजे जाई. वर्षभर अधूनमधून उपाशी झोपल्यावर हात आपोआप शिकला. पुढं सासू गेली, पातेली मोठी झाली, दोन मुलं जाऊन एक चंपा राहिली. हात तेवढा तसाच राहिला.

सत्तावन्न सालच्या निवडणुकीचे ते दिवस होते. चाळीच्या भिंतींवर मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र चुन्यानं लिहिलेला होता. जेवणारे सगळे समितीच्या प्रचाराला जात, त्यामुळे पंगत वेळेवर बसत नसे. सीतारामचा धाकटा भाऊ लवू तर घोषणा देऊन देऊन नुसता कुजबुजत होता. अशात एका सकाळी गिरणीत मागावरून धोटा उडाला. धोटा म्हणजे हातभर लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी टोपी. तो उडणं काही नवीन नव्हतं. कुणाचा दात जाई, कुणाच्या कपाळाला खोक पडे. हा सीतारामच्या मांडीत जांघेजवळ बसला आणि आतली रक्ताची मोठी नळी फुटली. बरोबरच्यांनी घाबरून मांडीला दोर आवळला. त्यानं रक्त थांबलं आणि माणूस वाचला, पण खाली पायाला रक्त मिळेना. परळच्या इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्या पायातल्या शिरेचा तुकडा काढून फुटलेल्या नळीला जोडला, तोवर पाच तास गेले होते.

पाय राहिला. जाईबाईंनी पाऊल हातात धरून पाहिलं, ते गरम होतं. त्यांनी तिथंच देवाला नारळ बोलला.

दुसऱ्या दिवशी लघवी झाली ती कोकमाच्या आगळासारखी, लालकाळी. तिसऱ्या दिवशी ती जवळजवळ थांबलीच.

वॉर्डातल्या लहान डॉक्टरांचं नाव तळपदे. गिरगावातले, गोरे, बोलणं पुस्तकातलं. त्यांनी जाईबाईंना व्हरांड्यात बोलावून समजावलं. "हे पाहा बाई, पाय इतका वेळ रक्तावाचून राहिला. त्यातल्या मांसाची खराबी रक्तात उतरली. शिवाय रक्तही फार गेलं होतं. ह्या सगळ्यानं मूत्रपिंडं बंद पडली आहेत."

त्यातला 'पिंड' एवढाच शब्द जाईबाईंना ऐकू आला आणि त्या कठड्याला टेकल्या.

"नाही, नाही. तसं नाही," तळपदे घाईनं म्हणाले. "मेलेली नाहीत ती. झोपलीत म्हणा. आठ दिवसांनी उठतील, पंधरा दिवसांनी उठतील. तोवर माणसाला जगवायचं, एवढंच आपल्या हातात."

"कसं जगवायचं?"

"पाणी न देऊन."

तळपद्यांनी पुन्हा सांगितलं. पाणी बाहेर पडायची वाट बंद आहे. जास्त दिलं तर ते अंगात साठेल, छातीत चढेल आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडेल. म्हणून दिवसाचं पाणी मापून द्यायचं, घामाश्वासात जातं तेवढं. चौदा औंस. घरच्या फुलपात्रानं दोन फुलपात्रं. त्यावर जेवढी लघवी होईल तेवढं आणखी. मीठ नाही, पेज नाही, डाळ नाही. साखर आणि लोणी चालेल. फळाचा रस नाही आणि शहाळं तर मुळीच नाही. "शहाळ्यात जो क्षार असतो तो मूत्रपिंडं बंद असताना काळीज थांबवतो. घोटभर जरी कुणी पाजलं ना, बाई, तर माझ्याकडे येऊ नका."

"आणि एक," मागून सिस्टर म्हणाली. ही खोताच्या वाडीतली सिस्टर बर्था, मोठ्या हाडाची, केस पिकलेली. "बाटलीत होईल ते मी मोजल्याशिवाय ओतायचं नाही. थेंब असला तरी. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. माप मी लिहिणार, मगच मोरीत. कळलं?"

"कळलं," जाईबाई म्हणाल्या.

मग दिवस सुरू झाले ते एकाच रंगाचे. चंपा खाणावळ सांभाळी. जाईबाई पिवळा पास दाखवून सकाळी वॉर्डात शिरत आणि स्टुलावर बसत. खाटेखाली निळ्या काठाची पांढरी बाटली, एनॅमलची, तोंडाला तिरकी. तिच्यात रोज चमचा दोन चमचे निघे. सिस्टर मापाच्या ग्लासात ते उभं धरून बघे आणि लिही.

सीताराम सुजत चालला. डोळ्यांखाली, मग हातांवर. तोंडाला मोरीसारखा वास येई. दिवसभर उचक्या लागत. लवू म्हणे, "गाव आठवण काढता रे तुझी," आणि कुणी हसत नसे. ओठांवर पापुद्रे आले होते. धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून ओढून साळ्यांचे पुढचे दात झिजतात, तसे त्याचेही झिजलेले होते. तो तोंड उघडून निजला की जाईबाईंना ते दात आणि कोरडी जीभ दिसे.

"जाये, माका वायच पाणी दी गे."

"मघाशी दिलंय. आता सहा वाजता."

"एक घोट. तोंडाक कोरड पडली गे. कित्याक छळतस माका?"

त्या कापूस भिजवून ओठांना लावत. तो कापूस चोखायला बघे, आणि त्या ओढून घेत. नवऱ्याच्या तोंडातून ओला कापूस ओढून घेणारी बायको शेजारच्या खाटांवरच्या लोकांनी पाहिली. एक म्हातारा बोललाही, "लई कडक हाय बाई." जाईबाईंना स्वतःला तहान लागली की त्या व्हरांड्याच्या टोकाच्या नळावर जात, घटाघटा पीत आणि तोंड पदरानं पुसून परत येत. त्याच्यासमोर त्यांनी अकरा दिवसांत पाण्याचा घोट घेतला नाही.

दहाव्या दिवशी मोठे डॉक्टर खाटेपाशी बराच वेळ थांबले. इंग्रजीत बोलले आणि गेले. तळपद्यांनी जाईबाईंना मराठीत सांगितलं. "उद्या संध्याकाळच्या पाचच्या मापापर्यंत वाट पाहणार. त्यात काही नसलं तर परवा सकाळी पोटाला छिद्र पाडून, नळी घालून, आतून धुऊन काढणार."

"त्यानं बरं होतं?"

"होतं कधी कधी," तळपदे म्हणाले आणि हातातल्या कागदाकडे पाहू लागले. जाईबाईंनी एवढी वर्षं माणसं जेवू घातली होती. कोण पोटभर बोलतोय आणि कोण तोंडदेखलं, हे त्यांना कळत होतं.

अकराव्या दिवशी दुपारी त्या स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होत्या. सीतारामनं चादरीखालून हात हलवला. "बाटली." त्यांनी ती दिली, नेहमीसारखी तोंड फिरवून. थोड्या वेळानं घेतली. घेतली आणि हातात धरूनच होत्या, एवढ्यात वॉर्डबॉय दारातून ओरडला. "लालबागवाल्या बाई, पाव्हणे आलेत तुमचे! टोपीवाले. जिन्यात हायत."

टोपीवाले म्हणजे शामराव. चंपाची सुपारी त्यांच्या जगदीशशी ठरायची होती. मुलगा टपालखात्यात, गिरगावात दोन खोल्या आणि खोलीत स्वतःची मोरी. मूळचे मालवणाकडचेच, पण आता बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं पुण्याहून आलेत. मुलीचा बाप जगतो की जातो हे बघायला आले होते ते, आणि त्यांची चूक नव्हती. बाप गेला तर एक तर वर्षाच्या आत कार्य उरकायचं, नाहीतर थांबायचं. थांबलेली स्थळं परत येत नाहीत.

जाईबाई उठल्या आणि त्यांच्या हातांनी काम सुरू केलं. चादर ताणली. थुंकीचं भांडं शेजारच्या खाटेखाली सारलं. ओला फडका उशीखाली. हातातली बाटली घेऊन त्या तशाच मोरीकडे गेल्या, ओतली, दोन पाण्यांनी विसळली, पुसून आणून खाटेखाली लपवली. पदर नीट केला, कपाळावरचं कुंकू बोटानं सावरलं. तोवर विहीण होऊ घातलेल्या राधाबाई खाटेपाशी पोचल्या होत्या, नाकाला पदर लावून.

"बसा ना," जाईबाई म्हणाल्या आणि स्टूल पुढं केलं.

"बसते. फार औषधांचा वास येतो हो इथं," राधाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात तोंड तासलेली दोन शहाळी होती. "चौपाटीवरून आणलीत मुद्दाम. लघवीला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही."

"कसं काय सीतारामपंत?" शामरावांनी विचारलं. सीतारामला आयुष्यात कुणी पंत म्हटलं नव्हतं. त्याचं लक्ष शहाळ्यांवर होतं.

"मागताहेत हो ते," राधाबाई म्हणाल्या. "द्या ना पाजा. आम्ही काय परके आहोत?"

"डॉक्टर नको म्हणतात. एवढ्यात नको."

"डॉक्टर काय, सगळंच नको म्हणतात. आमच्या ह्यांना मूतखडा झाला तेव्हा मी रोज दोन पाजली. विचारा."

"विचारा," शामराव म्हणाले.

"जाये," सीताराम म्हणाला. त्याला रडायला येत होतं आणि डोळ्यांत पाणी येत नव्हतं.

होणाऱ्या विहिणीचा हात मागं ढकलायचा कसा? जाईबाईंनी हसून शहाळं आपल्याकडे घेतलं, म्हणाल्या, "ठेवते, संध्याकाळी विचारून देते." ते हातात आलं. जड होतं. आणि त्या जडपणाबरोबर त्यांच्या उजव्या मनगटाला दुसरं एक वजन आठवलं.

मघाची बाटली जड होती.

त्या शहाळं धरून उभ्याच राहिल्या. अकरा दिवस ती बाटली उचलली की नुसतं एनॅमल लागे हाताला. मघाशी तिच्यात काहीतरी होतं. चमचा दोन चमचे नाही. डुचमळणारं, मनगट खाली ओढणारं. ज्याच्यासाठी अकरा दिवस ओला कापूस हिसकावून घेतला, ते आलं होतं. आणि पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून त्यांनी ते मोरीत ओतून वर दोन पाणी घातली होती.

"काय झालं? बरं नाही वाटत?" राधाबाईंनी विचारलं.

"नाही, काही नाही."

शामराव बोलत होते. चैत्रातला मुहूर्त, नाहीतर वैशाख. जाईबाई 'हो' म्हणत होत्या. सिस्टरला बाजूला घेऊन हळूच सांगावं असं त्यांनी ठरवलं. उठू म्हणाल्या तर राधाबाई साड्यांचं विचारू लागल्या. तेवढ्यात पाच वाजले आणि सिस्टर बर्था मापाचा ग्लास घेऊन सरळ खाटेपाशी आली, वाकली आणि बाटली काढली. चकचकीत.

"आज थेंबही नाही?" तिनं बाटलीचं तोंड उजेडाकडे करून आत पाहिलं. मग खाटेला लटकवलेला कागद घेतला, पेन्सिल काढली. तिचे खांदे जरा उतरले. "मग उद्या नळी."

गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. सुपारी फुटली असती. पोटाला भोक पडलं असतं. जाईबाईंना दोन्ही एकाच वेळी दिसलं आणि त्यांना भयंकर थकल्यासारखं वाटलं, इतकं की खोटं उभं करायची ताकदही उरली नाही.

"सिस्टर, झाली होती त्यांना. मी ओतली."

"काय?"

"बरीच होती. पाहुणे आले म्हणून ओतली. धुऊन ठेवली."

सिस्टरनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग शामरावांच्या टोपीकडे, मग राधाबाईंच्या नथीकडे. "अकरा दिवस!" ती म्हणाली, आणि सगळा वॉर्ड ऐकायला लागला. "अकरा दिवस आम्ही इथं माणसाच्या मुताची वाट बघतोय, आणि तुम्ही घर झाडल्यासारखं झाडून टाकलंत? नथवाली आली म्हणून? काय, पूजा मांडायची होती इथं?"

राधाबाई उठल्या.

"किती होती?" सिस्टर म्हणाली. "सांगा आता. मी काय लिहू इथं? बरीच? बरीच म्हणजे किती औंस?"

"बघितली नाही हो. भांडं एनॅमलचं. पण हातात होती."

"मग?"

"मग मला द्या ते," जाईबाई म्हणाल्या आणि बाटली तिच्या हातातून घेतली.

मोरीवर जाऊन त्यांनी नळ सोडला. बाटली भरू लागली. त्या नळाकडे बघत नव्हत्या, भांड्याकडेही नाही. समोरच्या भिंतीवर ओल आलेली होती, तिच्याकडे बघत होत्या. एवढं नव्हतं. आणखी. आणखी थोडं. नळ बंद केला, बाटली मघासारखी कडीला धरली, हात लांब केला. जास्त. किंचित ओतलं. पुन्हा हात लांब केला आणि थांबल्या.

"एवढी."

सिस्टरनं ती मापाच्या ग्लासात ओतली. डोळ्यांसमोर धरली. "पावणेबारा औंस." मग ग्लास मोरीत उपडा केला. "परत करा. आणि माझ्याकडे पाठ करून करा."

जाईबाईंनी पाठ करून परत केलं. दारात राधाबाई उभ्या होत्या, नाकावर पदर धरून. जाईबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. भरलं, हात लांब केला, ह्या वेळी काही ओतलं नाही.

सिस्टरनं मापलं. राधाबाईंनी पदर नाकावरून खाली घेतला. "किती?" त्यांनीच विचारलं.

"बारा. पाव औंसाचा फरक," सिस्टर म्हणाली, आणि डॉक्टर तळपद्यांना बोलावणं पाठवलं.

तळपद्यांनी सगळं ऐकलं आणि डोकं धरलं. "मी मोठ्या डॉक्टरांना काय सांगू? बाईंचा हात म्हणतो?"

"लिहा, बारा औंस, ओतलेली," सिस्टर म्हणाली. "खाली माझी सही घ्या."

"बाई, हे बघा," तळपदे जाईबाईंकडे वळले. आज ते पुस्तकातलं बोलत नव्हते. "बारा झाली असेल तर मी आता रात्रीला बारा औंस पाणी जास्त देणार. ते बाहेर जातंय म्हणून भरून द्यावं लागतं. पण झाली नसेल, तुमचा अंदाज चुकला असेल, तर तेच पाणी सकाळपर्यंत छातीत चढेल. कळतंय का? कशाच्या जोरावर तुम्ही म्हणता बारा?"

"खाणावळ आहे माझी," जाईबाई म्हणाल्या.

"हात नक्की?"

सासूच्या काळापासून आजपर्यंत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. आमटी चुकली तर एक माणूस एक दिवस अर्धपोटी राहतं. त्यांनी आपला उजवा हात पाहिला. बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या, नखांत अजून हळद होती.

"नक्की," त्या म्हणाल्या. आवाज बाहेर पडला तो दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा.

शामराव निघाले. "बघू मग सुपारीचं पुढं," ते जिन्याजवळ म्हणाले. 'बघू'चा अर्थ जाईबाईंना माहीत होता. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. ते पुढं कधीतरी वाटेल म्हणून त्यांनी ठेवून दिलं. शहाळी वॉर्डबॉयनं नेली.

सहा वाजता त्यांनी सीतारामला पाणी दिलं, अर्धं फुलपात्र, मग तासाभरानं आणखी. प्रत्येक घोटाबरोबर त्या त्याच्या छातीला कान लावत. तो म्हणाला, "आज कशी दया इली तुका?" बाहेर रस्त्यावरून प्रचाराची मिरवणूक चालली होती, मुंबई आमची, मुंबई आमची. खिडकीशी जाऊन सगळे ऐकत होते. जाईबाई श्वास ऐकत होत्या. सिस्टर बर्थाची पाळी आठला संपली, पण ती नऊ वाजता टोपी न घालता परत आली. खाटेखाली वाकून पाहिलं आणि बसगाडी पकडायला गेली.

सकाळी पाचच्या मापाला बाटलीत बावीस औंस होते, ओतलेले नाहीत, डोळ्यांनी बघितलेले. सूज तशीच होती, पण श्वास मोकळा होता. तळपदे आले, कागद वाचला, परत वाचला. पोटाच्या नळीच्या ओळीवर त्यांनी आडवी रेघ मारली. "उठली झोपेतून," ते म्हणाले. "आता बघा तुम्ही. आता पळता भुई थोडी करतील. आतापर्यंत पाणी नको म्हणत होतो, आता पुरवता पुरवता दमाल."

त्यांचं खरं झालं. दोन दिवसांत बाटली दर तासाला भरू लागली. जाईबाई ती उचलून मापाच्या ग्लासापाशी नेत, सिस्टर लिही, मग मोरी, मग परत. मीठही द्यावं लागे आता, तेही मापून. कधी वाटे, तेव्हा निदान बसायला तरी मिळत होतं. पायांना गोळे येत. सूज उतरली तसा सीताराम वाळलेल्या बोंबलासारखा दिसू लागला, आणि कुरकुर करू लागला. लोणी-साखर नको, सार पाहिजे. बांगडा पाहिजे. वॉर्डातली उशी टणक आहे. जाईबाई ऐकत. कुरकुर करणारा माणूस सुधारत असतो, एवढं त्यांना माहीत होतं.

लवू आला. मतदान होऊन गेलं होतं, तरी घसा अजून बसलेलाच. "वयनी, शामरावांचो निरोप आसा. सुपारी पुढच्या महिन्यात. आणि राधाबायनी माका बाजूक घेवन इचारल्यान, चंपाचो हात पण आवशीसारखोच आसा काय म्हणून."

"काय सांगितलंस?"

"काय सांगू?"

"सांग, नाही म्हणून. ती दोनदा हलवून बघते."

लवू हसला आणि खोकत सुटला. जाईबाईंना वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला काहीतरी होईल, हुश्श तरी. त्यांना फक्त निजावंसं वाटलं.

दुपारी वॉर्ड निजला होता. सिस्टरनं पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता, आता त्याला मापच नव्हतं. सीतारामनं एक पेला रिकामा केला, ओठ चाटले आणि बायकोकडे बघत राहिला.

"तू खंय जावन पाणी पितस?"

"मी?"

"अकरा दिस. भायर जातस नि तोंड पदरान पुसून येतस. तुझे ओठ ओले. माका काय कळत नाय?"

जाईबाई म्हणाल्या, "आधी का बोलला नाहीत?"

"बोलून काय? तू पिवचा सोडलं असतंस." त्यानं रिकामा पेला पुढं केला. "घी तुझो पेलो. हयच पी."

त्यांनी खाटेवर दोन पेले शेजारी ठेवले, तांब्या उचलला आणि एकदा इकडे, एकदा तिकडे ओतलं. हाताकडे पाहिलं नाही. सीतारामनं वाकून दोन्ही पेल्यांच्या रेघा पाहिल्या.

"सारखेच," तो म्हणाला.

"प्या आता," जाईबाई म्हणाल्या आणि स्वतःचा पेला त्याच्यासमोर तोंडाला लावला. पाणी कोमट होतं, लोखंडी नळाची चव होती. अर्धा झाला तेव्हा त्याचा हात चादरीखाली हलला. त्यांनी पेला खाली ठेवला आणि बाटली काढायला वाकल्या.